डोळ्याचं बाळंतपण

"पोटाची सोनोग्राफी इथे होत नाही हं," सुषमाच्या पोटाकडे बघत दवाखान्यातली पोरगी म्हणाली. "ये सिर्फ आँख का है."

"तिची न्हाय गो, माजी," चंद्रीआजी पुढे सरसावली. "माजा डोलाच गरवार हाय."

उल्हासनगरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेले सगळे हसले. आजीही हसली. तिच्या उजव्या डोळ्यात गाठ आहे, हे मुंबईच्या मोठ्या इस्पितळाने सांगून टाकलं होतं आणि गाठीचं माप काढायला इथे पाठवलं होतं. डोळा राहणार की काढावा लागणार, हे आजच्या मापावर ठरणार होतं.

चंद्री ही बारवी धरणाकडच्या पाड्यांवरची सुईण. तिथली निम्मी माणसं तिच्याच हातांत या जगात आलेली. बदलापुरात सोनोग्राफीची दुकानं निघाली तशी तिची बोलावणी आटली, आणि तेव्हापासून त्या यंत्राचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडे. "माज्या हाताला दिसत न्हाय ते त्या टीव्हीला दिसनार?" असं ती चारचौघांत विचारी आणि उत्तराची वाट न बघता तंबाखू मळायला घेई. आता तिने आईविना वाढवलेली नात, सुषमा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हे बाळ आपल्याच हातात यायचं, यावर आजीचं स्वतःशी पूर्ण एकमत होतं.

डॉक्टर मैत्रेयींनी आजीला आत नेऊन आडवं केलं, मिटलेल्या पापणीवर गार, चिकट मलम लावलं आणि पेनाएवढी कांडी टेकवली.

"डोळा मिटलेलाच ठेवा, आजी. आतल्या आत वर बघा. आता खाली."

"मिटल्या डोल्यात तुमाला काय दिसतंय?"

"आवाज आत जातो, गाठीवर आपटून परत येतो. त्यावरून तिची उंची कळते."

न बघता आतलं ओळखायचं, जन्मभर चंद्रीने दुसरं केलं काय होतं? तिला त्या बाईबद्दल एकदम बरं वाटलं.

"पोटाला हात लावून आमी बगतो तसंच की," ती म्हणाली. "मंग सांगा, सुटंल का अडंल?"

"सुटेल," डॉक्टर हसल्या. "उंची अजून हाताबाहेर गेलेली नाही. सोन्याची एक इवलीशी वाटी असते, तिच्यात किरणांचं औषध. डोळ्याच्या मागच्या अंगाला, बरोब्बर गाठीच्या बुडाशी ती टाके घालून बसवतात. वाटी केवढी, किती दिवस ठेवायची, ते या मापावरून ठरेल. नजर थोडी कमी होईल, पण डोळा बहुतेक वाचेल. एकच आहे, वाटी आत असेपर्यंत गरोदर बाई आणि तान्हं मूल तुमच्या जवळ येता कामा नये."

शेजारी उभ्या सुषमाने आजीकडे पाहिलं. आजीची मुंबईत भरती व्हायची तारीख पुढच्या आठवड्यातली, आणि सुषमाला नववा सरत आलेला.

"महिनाभर थांबू या ना, डॉक्टर," सुषमा म्हणाली.

"तेवढ्यात गाठ वाढली तर आजचं माप फुकट. मग डोळाच काढावा लागेल."

"आतलं कुनाच्या सवडीनं थांबत न्हाय," चंद्री म्हणाली. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला टाळाटाळ करणाऱ्या नवऱ्यांना ती हेच सुनावायची. आज तिने ते स्वतःला सुनावलं. "सुषमा, तू बदलापूरच्या दवाखान्यात जायाचं. मी सांगते म्हनून."

बाहेर येऊन तिथेच बाकावर तिने नातीच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटले. हे शेवटचं बघणं होतं, हे तिला कळत होतं.

"डोकं खाली हाय," ती म्हणाली. "ब्येस हाय."

वाटी बसवल्याच्या चौथ्या दिवशी मुंबईच्या इस्पितळातली नर्स दारातूनच ओरडली, "आजी, नातीला मुलगी झाली!"

"लगेच रडली?"

"रडली म्हणजे काय! फोनवर ऐकू येत होती."

"बालामागनं वार अख्खी पडली का?"

"ते नाही विचारलं."

"मंग इचार जा. तेच इचारायचं असतंय."

नर्स विचारून आली, तर आजी पलंगावर उठून बसलेली. डोळ्यावर पट्टी, लुगडं गुडघ्यांपर्यंत ओढलेलं आणि दोन्ही पाय जुळवून सरळ पुढे केलेले, बाळाला न्हाऊ घालायला बसतात तसे.

"अख्खी पडली, आजी. पाय दुखतायत का तुमचे?"

"न्हाय गो," पोटऱ्यांवरून हात फिरवत चंद्री म्हणाली. "मोकले हायत."