तळेबाईची दुर्बीण आंधळी नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझ्या काचा अजून ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण मध्यंतरी माझ्या नावाने फार बोंबाबोंब झाली.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझी भिंगं दिवसदिवस घासली. भिंग उजेडासमोर धरायचं, जिभेने 'च्च' करायचं आणि पुन्हा घासायला घ्यायचं, हेच त्याचं काम. एकदाचं त्याचं 'च्च' थांबलं, तेव्हा कुठे मी पितळी नळ्यांत बसले. वरून काळं चामडं चढलं. आजकालच्या दुर्बिणी म्हणे साच्यातून टपाटप पडतात. पडोत बापड्या. आपण कशाला कुणाला नावं ठेवायची?

होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुताराने मला बायकोसाठी विकत घेतलं. तिला नुकतीच गावाबाहेरच्या तळ्यावर राखणीची नोकरी लागली होती. लोक तिला तळेबाई म्हणत. शाळेशी तिची तोंडओळख तेवढी होती, पण तोंडाचा पट्टा सुटला की भलेभले गार पडत. तळं बघायला पाहुणे येत. ती त्यांना बांधावरून फिरवी. पाणी सोडायचा जुना दरवाजा, लव्हाळ्यांचं बेट, पाणमांजरांचे खडक, सगळं दाखवी. कुणी मोठ्याने बोललं तर म्हणे, "पक्षी बघायला आलात, की त्यांना भाषण द्यायला?" पाहुणे गप्प बसत. मग ती मला त्यांच्या हाती देई आणि बजावी, "सांभाळून. ही माझी थोरली लेक आहे." त्या दिवसांत मी गळ्यातल्या दागिन्यासारखी मिरवले हो!

माझ्या उजव्या नळीच्या तोंडाशी एक फिरती कडी आहे. ज्याचा जसा डोळा, तशी ती कडी फिरवून घ्यायची. तळेबाईची कडी बरोबर मधोमध असायची. पुढे सुतार गेला. मुलगा, तिचा बाळ्या, शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागला. आणि ती कडी हळूहळू एका बाजूला सरकायला लागली. आज इतकीशी, पुढच्या वर्षी आणखी इतकीशी. शेवटी ती टोकाला जाऊन अडली.

"मेली दुर्बीणच म्हातारी झाली," तळेबाई सांगत सुटली. "काचेत धूर भरलाय हिच्या." दिसेल त्या फडक्याने मला पुसायची, फुंकर मारायची, पुन्हा पुसायची आणि शिव्या घालायची. शेजारणीला सांगितलं, पाववाल्याला सांगितलं, फोनवर मुलालाही सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. पण माझं ऐकतो कोण?

एका संध्याकाळी मात्र ती बांधावर एकटीच बसली होती. मला मांडीवर घेऊन पुटपुटली, "आईचं झालं तेच माझं होणार बघ." तिची आई म्हातारपणी पार आंधळी झाली होती. डॉक्टरांनीही हात टेकले होते. "कुणाला कळलं ना, तर हे तळं सुटेल माझं. बाळ्या मला उचलून नेईल त्याच्या पाचव्या मजल्यावर. तिथे काय, कबुतरं बघत बसू?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं तर! मला राग यायला हवा होता. आला नाही.

मग एकदा सुट्टी काढून बाळ्या आला. बाळ्या म्हणजे चांगला बाप्या माणूस, पण आईला तो बाळ्याच. येताना तिच्यासाठी नवीन दुर्बीण घेऊन आला. "ही घे आई. ती जुनी टाक भंगारात."

भंगारात! मित्रांनो, माझ्या चामड्यावर काटा आला.

"टाकू, टाकू," तळेबाई म्हणाली. "आधी चल, तुला तळं दाखवते. लहानपणी नुसता बेडकांमागे धावलास, धड बघितलंस काय?" तिने नवीन दुर्बीण गळ्यात घातली. बाळ्याने मला घातलं. पाण्याच्या दरवाजापाशी तिने नवी डोळ्यांना लावली आणि खाली केली.

"हीसुद्धा धुरकट आहे रे. दुकानदाराने फसवलं तुला."

"अगं, दुकानातली सगळ्यात भारी होती ती!"

"मग सगळ्यात जास्त फसवलं."

बाळ्या वैतागला. थोडं पुढे गेल्यावर तळेबाईने त्याचा दंड धरला. "थांब! तो बघ, खांबाशेजारी. पांढरा बगळा. कसं ध्यान लावलंय! हलू नकोस, उडेल."

बाळ्याने बघितलं. बगळ्याने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि गळाची काठी दुसऱ्या हातात घेतली.

बाळ्या खो खो हसला. "आई, तुझी थट्टा अजून तशीच आहे हं!" हसता हसता तो तिच्याकडे वळला. ती हसत नव्हती. नवी दुर्बीण डोळ्यांना लावून ती अजून तिकडेच बघत होती आणि कुजबुजत होती, "बघ, बघ, मान वळवली."

त्याचं हसू मावळलं. त्याने मला उचलून डोळ्यांना लावलं. डाव्या नळीतून तळं लख्ख दिसलं, उजव्या नळीतून नुसता गढूळ रंग. त्याने माझी कडी टोकावरून मधोमध आणली. गळवाल्याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा दिसली.

"आई, दुर्बीण चांगली आहे," तो म्हणाला. "कडी टोकाला गेलीय तिची."

"चांगली कसली! मेली किती दिवस..."

"आई. तो माणूस आहे. मासे धरतोय."

तळेबाईचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि खरं सांगते, जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिने नवी दुर्बीण गळ्यातून काढली आणि म्हणाली, "न्यायचं तर सांगून ने. उचलून नेऊ नकोस."

"कुठे नेऊ?"

"तुझ्या पाचव्या मजल्यावर."

"तिथे माझेच पाय पलंगाबाहेर येतात, तुला कुठे ठेवू? आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल."

दवाखान्यात मी बाळ्याच्या गळ्यातच होते. डॉक्टरीणबाईंनी औषध घातलं, दिवा मारला, यंत्रं लावली. तळेबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"मोतीबिंदू आहे, आजी. दोन्ही डोळ्यांत. उजवा तर पार पिकलाय. काढू या, दिसेल."

"आणि माझ्या आईचं झालं होतं तसं?"

"त्यांना काय झालं होतं ते मला माहीत नाही. तुमचा आतला पडदा मात्र छान आहे. इतके दिवस काय करत होतात?"

"दुर्बीण पुसत होते," तळेबाई म्हणाली. आणि अशी हसायला लागली, की डोळ्यांतलं औषध गालांवर आलं. बाळ्यापण हसला. त्याने सोडलेला श्वास माझ्या काचेवर येऊन बसला. त्या वेळी तेवढा धूर मी खपवून घेतला.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तेव्हा बाळ्या पुन्हा आला. तळेबाईने मला घेऊन बांध गाठला, कडी हलकेच फिरवली आणि खडकांकडे धरलं. पाणमांजर उन्हात पसरली होती. मिशांवरून पाणी निथळत होतं. पिल्लू तिच्या शेपटीवर चढायचं आणि घसरून पाण्यात पडायचं.  मग तळेबाई मला खाली करून बाळ्याकडे बघत राहिली.

"बाळ्या, केस कधी पिकले रे तुझे?"

"झाले की बरेच दिवस."

"आणि मला आत्ता सांगतोस!" असं म्हणून तिने मला त्याच्या हातात दिलं आणि त्याचा कान धरून मान खडकांकडे वळवली.

नवी दुर्बीण आता बाळ्याची झाली. बरी आहे पोर, शिकेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर सांगतेच. आम्हाला ओल लागू देऊ नका, आपटू नका. पण घरातलं म्हातारं माणूस एखाद्या वस्तूला उगाचच शिव्या घालायला लागलं, तर वस्तू खुशाल दुरुस्तीला न्या. फक्त जाताना त्या माणसालाही बरोबर घेऊन जा.