चोविसाव्याचा निरोप

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चोवीस नंबरच्या यंत्राचा शेवटचा निरोप आला. यंत्र मात्र चालू होतं.

काचेपलीकडच्या हॉलमध्ये एकमेकांना जोडलेली चाळीस यंत्रं होती. मागच्या महिन्यात त्यातली तीन तोंडातून चकार शब्द न काढता बंद पडली. म्हणून आता नवी सोय केली होती. मरता मरता यंत्राने आपलं दुखणं नेटवर्कवरून बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला कळवायचं. ही सोय तपासायचं काम त्या खोलीत बसणाऱ्या तिच्याकडे आलं. एकेक यंत्र मुद्दाम बंद पाडायचं, निरोप आला की वहीत खूण करायची. सतरापर्यंत खुणा झाल्या होत्या. चोविसाला तिने अजून हातही लावला नव्हता.

निरोपात तीन ओळी होत्या. तापमान मर्यादेबाहेर. वीजपुरवठा तुटला. थांबत आहे. यंत्र सुरू होऊन किती सेकंद झाले, तो आकडा ओळीच्या आधी येतो. इथे तो १३,३२० होता. सगळी यंत्रं तिने स्वतः नऊच्या ठोक्याला सुरू केली होती. तिने कागदावर गणित मांडलं, मग पुन्हा मांडलं. बारा बेचाळीस. म्हणजे अजून तासभर होता.

चोविसाच्या मागे तिच्या बहिणीचा नवरा वीजजोडणीचं काम करत बसला होता. हे काम त्याला तिच्याच शब्दावर मिळालं होतं. तिने फोन लावला.

"भावोजी, बाहेर या."

"का हो मेहुणीबाई, चहा मागवलात?"

"चोवीस तापणार आहे."

"तापलंय?"

"तापणार आहे. बारा बेचाळीसला."

पलीकडून हसू आलं. "तुमची ताई नुसतं भविष्य सांगते, तुम्ही वेळही सांगता. घराणंच जोरात आहे. दोन जोडण्या राहिल्यात, झाल्या की येतो."

तिने चोविसाचं तापमान पाहिलं. अडतीस. बाकीच्यांसारखंच. साहेबांना सांगायचं तरी काय? धडधाकट यंत्राच्या मरणाची बातमी आलीय म्हणून? ती चोविसाचा आकडाच पाहत राहिली. पण सव्वाबारा वाजले तसं तिला राहवेना. तिने पुन्हा फोन केला.

"ताई चिडलीय. तुम्ही फोन उचलत नाही म्हणते."

ही मात्रा लागू पडली. साडेबाराला तो गुडघे झटकत बाहेर आला आणि खिशातला फोन पाहू लागला.

"हिचा एकही फोन नाही. खोटं बोललात."

"हो. बसा."

बारा बेचाळीसला काचेपलीकडे चोविसाचा दिवा विझला. यंत्रामागून धुराची बारीक रेघ वर चढली. त्याने धावत जाऊन त्या रांगेची वीज तोडली, भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं फवारून आग विझवली आणि परत येऊन खुर्चीत बसला.

"सॉकेट वितळलंय," तो म्हणाला. "माझी पाठ तिथेच टेकली होती."

तिने स्क्रीन पाहिला. चोविसाकडून आता काहीच आलं नव्हतं. त्याला सांगायचं होतं ते त्याने आधीच सांगून टाकलं होतं. वहीत चोविसापुढे तिने खूण केली. वेळेच्या रकान्यात आधी ११.४० लिहिलं, मग त्याखाली १२.४२.

एक वाजून पाच मिनिटांनी आणखी तीन ओळी आल्या. शब्द तेच. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र हॉलमधल्या कुठल्याच यंत्राचा नव्हता. तो तिच्या पुढ्यातल्या कॉम्प्युटरचा होता. त्याने फक्त ऐकायचं, पाठवायचं काही नाही, अशी मांडणी तिने स्वतः केली होती. तोही नऊलाच सुरू झालेला. आकडा १५,५४०.

"किती वाजता?" त्याने विचारलं. या वेळी तो हसला नाही.

"एक एकोणीस."

एक वाजून बारा मिनिटांनी दोघं बाहेर जिन्यात उभे होते. कॉम्प्युटरची विजेची एकुलती वायर तिने दोन्हीकडून उपटून आणली होती. ती तिच्या हातातच होती. दाराच्या काचेतून टेबल दिसत होतं. स्क्रीन अजून चालू होता.