फुकटचा अर्धा तास

मित्रांनो, माझ्या जन्माची हकिकत सांगण्याआधी साहेबांचा फायदा सांगतो, कारण तो आधी जन्मला आणि त्याच्या पाठीवर मी. साहेब म्हणजे या रुग्णालयाचे व्यवस्थापक. एका सकाळी ते खिडकीत उभे राहून आवारातल्या गाड्या मोजत होते. एवढ्या गाड्या, प्रत्येक जागेवर दिवसातून तीन तरी येणार, आणि प्रत्येकीकडून तासाला एका बऱ्यापैकी नाश्त्याचे पैसे घेतले, तर वर्षाअखेरीस खालच्या मजल्यावरच्या उखडलेल्या फरश्या बदलून होतात, शिवाय नवे बाक येतात. त्यांच्या खिशात त्यातलं काही जाणार नव्हतं, तसा आरोप मी करणार नाही. फक्त नव्या फरश्यांशेजारी भिंतीवर जी पाटी लागणार होती, तिच्यावर त्यांचं नाव असणार होतं. पाटीवरच्या नावासाठी माणूस काय काय करतो, ते मी पुढे फाटकात पडल्यापडल्या शिकलो.

तर मी तो दांडा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, आता जुना झालेला, टोकाला एका टेम्पोने पोचा पाडलेला. गाडी आली की यंत्राच्या तोंडातून चिठ्ठी निघते आणि मी वर जातो. बाहेर जाताना चिठ्ठी दाखवायची, पैसे भरायचे, की मी पुन्हा वर. माझ्याबरोबर रंगवलेला एक भाऊ टोलनाक्यावर गेला, दुसरा सिनेमागृहाच्या तळघरात. मला रुग्णालय मिळालं तेव्हा रंगारी म्हणाला, "नशीबवान आहेस लेका, पुण्याच्या जागी चाललास." त्या रंगाऱ्याला एक दिवस माझ्याजागी आडवा घालायला हवा.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझं कौतुक झालं. मी येण्यापूर्वी समोरच्या बाजारातले कापडवाले सकाळी गाड्या आवारात लावत आणि संध्याकाळी शटर ओढून मगच नेत. पायाला प्लास्टर घातलेली बाई मात्र रस्त्यापलीकडून लंगडत येई. पैसे लागू झाले आणि बाजार एका दिवसात गायब झाला. पहिल्याच आठवड्यात एका गरोदर बाईच्या नवऱ्याला थेट दारासमोर जागा मिळाली. जाताना त्याने खिडकीतून हात काढून मला थोपटलं. तेवढं एक थोपटणं मला आयुष्यभर पुरवून वापरावं लागलं आहे.

मग पैसे वसूल करायला ठेकेदार आला. त्याने दोन सुधारणा केल्या. पहिली, माणुसकी म्हणून पहिला अर्धा तास फुकट. दुसरी, मामाकडची किल्ली काढून घेतली. मामा म्हणजे फाटकाशेजारच्या खोक्यात बसणारा पहारेकरी. त्याचा सख्खा भाचा कोणी पाहिलेला नाही, पण सगळे त्याला मामाच म्हणतात. किल्लीने मला हाताने उचलता येत असे, आणि मामाचं मन लोण्याचं. कोणी रडत आला की मामा किल्ली फिरवून मोकळा. ठेकेदार म्हणाला, "मामा, तुमच्या दयेपायी माझं दिवाळं निघेल," आणि किल्ली बाजारापलीकडच्या आपल्या कार्यालयात खिळ्याला अडकवून ठेवली. दांडा इथे, किल्ली तिथे. याला व्यवस्था म्हणतात.

आणि तो फुकटचा अर्धा तास! त्याने लोकांना वेड लावलं. भरायची ऐपत असलेली माणसंसुद्धा अर्धा तास संपत आला की खाटेशेजारून उठायची, गाडी बाहेर काढायची, पेट्रोल पंपाला वळसा घालून पुन्हा रांगेत लागायची आणि नवी चिठ्ठी घेऊन आत यायची. फोनला घंटा लावून ठेवत. डॉक्टर काहीतरी गंभीर समजावून सांगत असत, इकडे खिशात टणटण सुरू. की निघाले! पैसे वाचत होते म्हणे. जळणारं पेट्रोल बहुधा सासरेबुवांनी आंदण दिलेलं असावं.

या फेरीवाल्यांचा मुकुटमणी होता एक चष्मेवाला. त्याचं चौकात चष्म्यांचं छोटं दुकान. त्याचे वडील निवृत्त बसचालक, साखरेचे रुग्ण. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली म्हणून त्यांना रुग्णवाहिकेतून आणलं होतं. अशा पायांचे सर्जन दुसऱ्या रुग्णालयातून आठवड्यातून दोनच दिवस इथे येतात. त्यांच्या पुढच्या फेरीला दोन बोटं काढायची, म्हणजे पाय वाचेल, असं ठरलं होतं. वडिलांजवळ मुलगी बसून असे. ती शिवणाचे वर्ग चालवते. आणि मुलगा? तो माझ्याजवळ असे.

वरच्या मजल्यावरचं मला कसं कळतं, असं विचाराल. मित्रांनो, फाटकात अडकलेला माणूस फोनवर घरचं सगळं ओरडून सांगतो. मला काही विचारावं लागत नाही.

"काय शेठ, आज कितवी फेरी?" मामा विचारायचा.

"मोजू नका मामा, दृष्ट लागेल."

"बापाजवळ बसता तरी कधी?"

"बसतो की! फेऱ्यांच्या मधे."

आणि गंमत ऐका. म्हाताऱ्याला याचा अभिमान! शेजारच्या खाटेवरच्याला तो सांगायचा, "पोरगा माझा वस्ताद आहे. इतके दिवस झाले, फाटकाला दमडी दिली नाही त्यानं." काटकसर या घरात बापाकडूनच उतरली होती. बस चालवताना म्हणे बाप उतारावर इंजिन बंद करायचा.

शस्त्रक्रियेचा दिवस उजाडला. म्हाताऱ्याचा नंबर दुपारचा. पण आधीच्या रुग्णाने उपाशी राहायचं सोडून सकाळी गुपचूप बिस्किटं खाल्ली, म्हणून त्याचं रद्द झालं आणि वॉर्डबॉय म्हाताऱ्याला न्यायला आला. म्हातारा खाटेची कड धरून बसला. "पोरगा आल्याशिवाय मी हलणार नाही."

"बाबा, मी धरते ना तुमचा हात," मुलगी म्हणाली.

"तू एक धर. दुसरा त्यानं धरायचा आहे."

पोरगा त्या वेळी पंपाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन थांबला होता. आत यायला आणि बाहेर जायला मी एकटाच, आणि माझ्या आतल्या बाजूला एका वकिलाची गाडी उभी होती. वकिलाची चिठ्ठी हरवली होती. चिठ्ठी हरवली तर पूर्ण दिवसाचे पैसे, असा नियम.

"नियम लेखी दाखवा," वकील म्हणाला.

"साहेब, तुमच्या डोक्यावर बोर्ड आहे," मामा म्हणाला.

"बोर्डावर सही कोणाची आहे?"

मामाने बोर्डाकडे पाहिलं. सही कोणाचीच नव्हती. वकिलाने गाडीचं इंजिन बंद केलं आणि काच वर घेतली. मागे रांग वाढत गेली. सगळ्यांचे अर्धे तास संपत आलेले, त्यामुळे भोंग्यांचा नुसता गदारोळ. मामा ठेकेदाराला फोन लावून किल्ली मागत होता, आणि ठेकेदाराचा माणूस जेवायला गेला होता.

तेवढ्यात चष्मेवाल्याचा फोन वाजला. बहिणीचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"दादा, आहेस कुठे?"

"फाटकात."

"बाबांना न्यायला आलेत! ते तुझ्यासाठी अडून बसलेत. लवकर ये!"

"आलोच. पुढे एक वकील अडकलाय."

"गाडी सोड तिथंच आणि पळ!"

"आणि उचलून नेली तर? दंड माहीत आहे का केवढा आहे?"

ती इतकंच म्हणाली, "दादा, ते थरथरतायत रे."

चष्मेवाला स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आकडेमोड चाललेली मला स्पष्ट दिसत होती. दंड इतका, आतापर्यंत वाचवले तितके. असा वैताग आला मला! मित्रांनो, मला हात असते तर मी त्याला बखोटीला धरून बाहेर ओढला असता. शेवटी तो उतरला, माझ्याखालून वाकून घुसला आणि धावत सुटला. पण वर पोहोचेपर्यंत सर्जनांनी तिसऱ्या रुग्णाला टेबलावर घेतलं होतं. त्यानंतर त्यांना त्यांच्या दुसऱ्या रुग्णालयात जायचं होतं. म्हाताऱ्याचं पुढच्या फेरीवर गेलं. खाली चष्मेवाल्याच्या गाडीच्या चाकाला ठेकेदाराच्या माणसाने जेवण आटपून, ढेकर देऊन, पिवळं कुलूप घातलं; माझी किल्ली मात्र तो विसरूनच आला होता.

सर्जन पुन्हा आले तोवर काळेपणा वर चढला होता. दोन बोटांवर भागणार होतं, तिथे अर्धं पाऊल गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी आली. तिला चिठ्ठी लागत नाही, तिच्या काचेवर पास आहे. मी वर गेलो, पण गाडी पुढे सरकेना. समोर ती बहीण उभी होती, पैसे घेणं थांबवा म्हणत.

"ताई, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "फुकट केलं तर सगळा बाजार पुन्हा आत येईल."

"मग बाजाराकडून घ्या ना! नको कोण म्हणतंय? ज्याचं माणूस वर खाटेवर आहे, त्याच्या चिठ्ठीवर वॉर्डातल्या सिस्टरनं शिक्का मारावा आणि त्याला सोडावं. यात काय अवघड आहे?"

"आणि शिक्का कोणी घरी नेला तर?"

"आमचा पाय नेलात, आणि काळजी शिक्क्याची करताय?"

साहेबांनी समिती नेमली. समितीने चहा पिऊन असा निष्कर्ष काढला की सगळ्या अनर्थाचं मूळ लोकांच्या फेऱ्यांत आहे, आणि फेऱ्यांचं मूळ अर्ध्या तासात. म्हणून फुकटचा अर्धा तास आता पाव तास केला आहे. लोक पूर्वीच्या दुप्पट फेऱ्या घालतात. मला कपाळ नाही, नाहीतर मारून घेतलं असतं.

म्हाताऱ्याला घरी सोडलं, त्या दिवशी तो पुढच्या सीटवर मुलाशेजारी बसला होता. बँडेज बांधलेलं पाऊल त्याने जपून तिरपं ठेवलं होतं आणि मुलाच्या पायाखालच्या ब्रेककडे पाहत होता. आयुष्यभर त्याचा उजवा पाय तिथे होता. चष्मेवाल्याने चिठ्ठी पुढे केली. तेवढ्यात त्याच्या खिशातली घंटा वाजली. त्याने घाईघाईने बंद केली आणि मान खाली घातली.

म्हाताऱ्याने स्वतःचं पाकीट काढलं. "किती झाले मामा?"

"राहू द्या काका, मी बघतो काहीतरी," मामा पुटपुटला. किल्ली अजून खिळ्यालाच होती.

"नाही, पूर्ण घ्या. आज पोरगा दोन तास बसला माझ्याजवळ."

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवा रंगही नको. माझा पोचासुद्धा राहू द्या. बाजाराला अडवायचं असेल तर मी खुशाल आडवा पडेन, त्यासाठीच माझा जन्म आहे. पण ज्याचं काळीज वरच्या मजल्यावर अडकलं आहे, त्याच्यापुढे मला आडवा घालू नका. आणि तुम्ही कधी असे कोणाला भेटायला आलात, तर फोनची घंटा बंद करून त्याच्याजवळ बसा. माझ्याजवळ येऊन काय मिळणार आहे?

आता शेवटचा हिशेब. साहेबांना फरश्या मिळाल्या आणि भिंतीवर पाटीही लागली. ठेकेदाराला ठेक्याची मुदत वाढवून मिळाली. वकील पैसे न देताच गेला. संध्याकाळी किल्ली आली तेव्हा मामाने त्याला सोडून दिला. चष्मेवाल्याचं जेवढं वाचलं होतं, तेवढं पेट्रोलात आणि पिवळ्या कुलपात गेलं, वर थोडं पदरचंही गेलं. आणि सगळ्यांत जास्त भरलं त्या बसचालकाने, ज्याने या आवारात गाडी आणलीच नव्हती.