एकही वाईट शब्द नसलेलं पत्र

जुन्या हॉस्पिटलचं शिफारसपत्र हातात पडलं तेव्हा सिस्टरनं ते तिथल्या दारातच उभ्या उभ्या वाचलं, समोरच्या दुकानात त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि त्यातली एक त्याच दुपारी नव्या हॉस्पिटलात नेऊन दिली. घाई तिचीच होती. नव्या जागी वॉर्डची इनचार्ज म्हणून घेणार होते, आणि इनचार्जला रात्रपाळी नसते. सासूबाईंना आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. रात्री त्या उठल्या की भिंत चाचपत फिरायच्या. अकरा वर्षांची नोकरी सोडून ती मोकळी झाली होती. परतीची वाट उरली नव्हती.

संध्याकाळी ती कौतुकानं पत्र दाखवायला दादाकडे गेली. दादा कोर्टात अनुवादक. दिवसभर इंग्रजी कागदांचं मराठी करायचं आणि घरी आल्यावर वहिनीला त्यातल्या चुका सांगायच्या, हा त्याचा क्रम. त्यानं पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"चिमे, हे दिलंस कुणाला?"

"दिलं की नव्या ठिकाणी. का रे? चांगलंय ना?"

दादानं ते इंग्रजी पत्र मराठीत करत मोठ्यानं वाचायला घेतलं. "सिस्टर आमच्याकडे अकरा वर्षं होत्या. गुंगीच्या इंजेक्शनांच्या कपाटाची किल्ली या काळात बहुतेक वेळ त्यांच्याकडे असे. शेवटच्या चार महिन्यांत या कपाटाची मोजणी दोघींनी मिळून करणं आम्हाला योग्य वाटलं. त्यांच्याविरुद्ध कधीही काहीही सिद्ध झालेलं नाही. त्यांना शुभेच्छा."

"बघ, काही सिद्ध झालं नाही असं स्पष्ट लिहिलंय," सिस्टर म्हणाली.

दादानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, आज भाजीत मीठ बरोबर पडलंय हं!"

"म्हणजे रोज पडत नाही?" आतून वहिनी कडाडली.

"असं मी म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं मला!"

"हे असं," दादा बहिणीला म्हणाला. "इंग्रजीत याला इन्युएन्डो म्हणतात. लिहिणारा काहीच म्हणत नाही. जे म्हणायचं ते वाचणाऱ्याच्या मनात आपसूक उगवतं."

"टोमणाच की मग हा."

"टोमणा तोंडावर मारतात. आपण उलट बोलतो, दोन दिवस अबोला धरतो, संपलं. इथे तू उलट बोलणार कशाला? आरोप कुठाय?"

सिस्टरनं पत्र ओढून घेतलं. दोघींनी मोजायचा नियम सगळ्याच वॉर्डांना लागला होता. ड्युटी बदलताना जाणारीनं आणि येणारीनं एकेक इंजेक्शन उचलून मोजायचं, दोघींनी सही करायची. चार महिन्यांत एकदाही आकडा चुकला नव्हता. पत्रात हे काहीच नव्हतं. होतं ते मात्र अक्षरन् अक्षर खरं होतं.

"मी बदनामीचा दावा लावीन. तू कोर्टात आहेस ना?"

"अशा दाव्यांची भाषांतरं मी केलीत. त्यात झाकलेला वाईट अर्थ कोणता, ते दावा लावणाऱ्यानंच लिहून द्यावं लागतं."

"म्हणजे मी इंजेक्शनं चोरली असा याचा अर्थ होतो, हे मीच लिहायचं?"

"हो. खाली सही करून."

वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर जुन्या हॉस्पिटलात, पत्र लिहून देणाऱ्या मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. तिच्याच वॉर्डात नर्स असलेल्या मेट्रनबाईंच्या भाचीला तिनं सुट्ट्यांच्या यादीत वर घेतलं नव्हतं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. बाई विसरल्या असतील, असं ती धरून चालली होती.

"ये ग बाई, ये. बस. मिळाली का नोकरी?"

"मॅडम, पत्रातलं एक वाक्य बदलून द्याल का?"

"देते की. कुठला शब्द चुकलाय तो दाखव, आत्ता काट मारते." बाईंनी पेनचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं.

सिस्टरनं पत्र उघडलं. बोट ओळींवरून फिरलं. 'योग्य' वर थांबलं, पुढे गेलं, 'सिद्ध' वर थांबलं.

"दोघींची मोजणी सगळ्यांनाच होती, एवढं घाला ना."

"पत्र तुझं आहे ग. सगळ्यांचं कशाला लिहू त्यात?" बाई हसल्या. "आणि काही सिद्ध झालं नाही, यात तुला खटकलं काय? झालं होतं का?"

"नाही, मॅडम."

"मग? तेच लिहिलंय."

बाईंनी टोपण लावलं. सिस्टर जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की जाताना तिनं त्यांचे आभार मानले होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दादानं तिला फोनवर बजावलं. "पत्राबद्दल विचारलं तरच बोल. विचारलं नाही तर अवाक्षर काढायचं नाही. कळलं?"

"कळलं रे."

नव्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर साठीचे, सर्दीनं हैराण झालेले होते. त्यांनी तिच्या वॉर्डात खाटा किती होत्या ते विचारलं, आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांशी ती कशी वागते ते विचारलं. तिची उत्तरं ऐकून ते दोनदा मनापासून हसले. मग रुमालात नाक शिंकरून त्यांनी फाइल उघडली, तिचं पत्र वरवर चाळलं आणि फाइल मिटली.

"पत्रही आहे तुमचं. छान."

सिस्टरच्या कानात तो शब्द घुमत राहिला. छान म्हणजे? नुसतं छान? 'पत्रही' का म्हणाले? फाइल इतक्या पटकन का मिटली? चार दिवसांपूर्वी या शब्दानं ती हरखून गेली असती. आता डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, उठायच्या बेतात होते, आणि दादाचं बजावणं तिला लख्ख आठवत होतं.

"सर, ती दोघींची मोजणी फक्त माझ्यासाठी नव्हती," ती म्हणाली.

डॉक्टरांचा रुमाल नाकाशीच थांबला. "कसली मोजणी?"

"गुंगीच्या इंजेक्शनांची. सगळ्याच वॉर्डांना नियम होता, सर. कपाटात कधी एकही कमी भरलं नाही. कुणालाही विचारा. मी कधी..." थांब, थांब, असं ती स्वतःला सांगत होती आणि जीभ पुढे पळत होती. "मी एकही घेतलेलं नाही, सर."

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली, खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि पत्र पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, सावकाश वाचायला घेतलं. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बसा, सिस्टर," ते मऊ आवाजात म्हणाले. "घाबरू नका. काय झालं होतं ते नीट सांगा."