रावसाहेब जेवत नाहीत

"आजही नाही?" गोपाळकृष्णांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं.

"आजही नाही," म्हणत हेमाने काचेच्या पेटीतून बशी बाहेर काढली. अंडं सकाळी ठेवलं तसंच होतं, फक्त कडेने सुकलं होतं. पपईच्या फोडींनाही तोंड लागलेलं नव्हतं. रावसाहेब कोपऱ्यातल्या लाकडी ढोलीत तोंड खुपसून पडले होते.

रावसाहेब म्हणजे तेगू, दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा. अजून पिल्लूच, शेपटीसकट हातभर. हेमा-गोपाळकृष्णांच्या एकुलत्या एका मुलाने, सौमित्रने, त्याला उन्हाळ्यात रीतसर कागदपत्रं करून घरी आणलं, तेव्हा कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत घोरपड आल्याची बोंब झाली होती. हनुवटी वर करून बसायची त्याची ऐट बघून नावही सौमित्रनेच ठेवलं. माणसाळवायचं काम त्याने मोठ्या निगुतीने चालवलं होतं. वरून झडप घालायची नाही, रोज ठरल्या वेळी खिम्याचा घास धरायचा, आणि आपला अंगावरचा कपडा न धुता पेटीत ठेवायचा, म्हणजे त्याला वासाची ओळख पटते. दोन महिन्यांत रावसाहेब त्याच्या तळहातावरून जेवायला लागले होते.

न धुतलेला कपडा घरात ठेवायचा, हे हेमाला काही झेपणारं नव्हतं. नारायण पेठेतल्या एका लाँड्रीच्या काउंटरवर तिची सव्वीस वर्षं गेली. गठ्ठा सोडला की चिठ्ठी न वाचता, नुसत्या वासावरून ती गिऱ्हाईक ओळखायची. सौमित्र डेंग्यूने दवाखान्यात होता तेव्हा ती दुपारी अंघोळीपुरती घरी यायची, आणि तेवढ्यात तिने त्याचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून कपाटात लावले. पोरगं घरी येईल तेव्हा सगळं स्वच्छ असावं, एवढंच मनात होतं. पेटीतला शर्टसुद्धा तिने ओढून काढून धुतला. रावसाहेबांनी अन्न सोडलं ते त्या दिवसापासून. "रावसाहेब जेवले का?" सौमित्र सलाइन लावलेल्या हाताने खूण करून विचारायचा, आणि ती हो म्हणायची.

पाचव्या दिवशी तो गेला. कपाटात घड्याच घड्या होत्या, आणि एकीलाही त्याचा वास नव्हता.

तो गेल्यावर चौदाव्या दिवशी त्याच्या स्कूटरच्या डिकीत बॅडमिंटनचा टी-शर्ट सापडला. बोळा झालेला, घामट. हेमाने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंडाला रबरबँड लावला आणि आपल्या साड्यांच्या खाली ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही. दर गुरुवारी नवरा फिरायला गेला की पिशवी उघडायची, एक श्वास घ्यायचा आणि लगेच बांधून ठेवायची. जास्त वेळ उघडी ठेवली तर संपून जाईल, अशी तिला धास्ती होती.

सौमित्रचा मित्र पुष्कर दोन-चार दिवसांनी येऊन रावसाहेबांना सिरिंजने काहीबाही पाजून जायचा, त्यावर ते तग धरून होते. या रविवारी मात्र त्याने शेपटीचं मूळ चाचपून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, हाडं लागतायत हाताला. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही, स्ट्रेस आहे. त्याचा माणूस गेलाय आणि तुम्हाला तो ओळखत नाही. सौमित्रचा एखादा न धुतलेला शर्ट असेल तर तुम्ही दोन दिवस अंगात घाला आणि मग त्याच्यासमोर बसा. दोघांचा वास एकत्र आला तर कदाचित येईल जवळ. आहे का काही?"

"नाही," हेमा म्हणाली. "सगळे धुतले."

"लाँड्रीवालीच्या घरात मळका कपडा मागतोस," गोपाळकृष्ण म्हणाले. बोचरं बोलायची त्यांची जुनी खोड, पण हल्ली बोलून झालं की ते स्वतःच कावरेबावरे होत. पुष्करने जाताना सांगितलं की आता फार तर आठवडा.

सरडा तो सरडाच, त्याच्यापायी आपण आपलं शेवटचं का घालवावं, असं हेमाने स्वतःला तीन दिवस बजावून पाहिलं. बुधवारी सकाळी तिने पेटीत बोट घातलं तर रावसाहेब मागे सरकलेसुद्धा नाहीत. सरकायचं त्राणच नव्हतं त्यांच्यात. ती उठली, पिशवी काढली आणि शर्टात तोंड खुपसून पोटभर श्वास घेतला. घाम, रॅकेटच्या मुठीचा रबरी वास, आणि त्याच्या मानेजवळ लहानपणापासून यायचा तो वास. मग गाऊनवरून तिने शर्ट अंगात चढवला. फोडणीचा वास लागू नये म्हणून त्या दिवशी घरात दहीभात झाला.

गोपाळकृष्ण फिरून आले आणि दारातच थबकले. "हा कुठला?"

"डिकीत होता. महिना झाला."

आता टोमणा येणार म्हणून तिने मान खाली घातली. ते जवळ आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर तोंड टेकलं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

"मला सांगायचंस," ते म्हणाले.

चार गुरुवार तिने एकटीने काढले होते, आणि त्यातला एकही श्वास त्यांच्यासाठी ठेवला नव्हता. बापही वास शोधत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. हेमाला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी पेटीचं दार उघडं ठेवून ती जमिनीवर बसली. तळहातावर खिमा होता. बसण्याआधी तिने गळ्याशी शर्ट ओढून हुंगून पाहिला होता. तिचा घाम होता, दही होतं, साबण होता. सौमित्र कुठेच नव्हता. सव्वीस वर्षं गठ्ठे ओळखणाऱ्या नाकाला तो सापडला नाही.

अर्ध्या तासाने रावसाहेब ढोलीतून निघाले. थांबत थांबत दाराशी आले, खाली उतरले. दुभंगलेली जीभ बाहेर काढून त्यांनी तिच्या बाहीचं टोक चाचपलं, मग शिवण, मग काख. पुन्हा पुन्हा तिथेच जीभ लावत राहिले. मग वळून त्यांनी तळहातावरचा एक घास उचलला, गिळला. दुसरा उचलला. आणि तिच्या मांडीवर चढून बाहीत डोकं घालून डोळे मिटले.

दारात गोपाळकृष्ण श्वास रोखून उभे होते. हेमाचे डोळे वाहत होते. पुसायला हात उचलला असता तर रावसाहेब बिचकले असते, म्हणून तिने हात उचलला नाही.