एकशे चार दिवस

कारकूनबाईंनी अर्ज खिडकीतून परत सरकवला. ही तिसरी खेप.

"बाई, पुन्हा तेच लिहून आणलंत. 'पुलाचा कठडा का दुरुस्त केला नाही?' अहो, आमच्याकडे जो कागद असेल त्याची नक्कल मागायचा हक्क आहे तुम्हाला. कारणं मागायचा नाही."

"मग कारणं कुठल्या खिडकीत मिळतात, ताई?"

मागे स्टुलावर बसलेला म्हातारा शिपाई खोकल्यासारखं हसला. कारकूनबाईंना हसू आलं नाही. सकाळपासून गुडघे ठणकत होते, आणि अर्ज फेटाळायचा म्हटलं तरी चार ओळी खरडाव्याच लागतात.

खिडकीपलीकडची बाई शिवणकाम करून घर चालवायची. तिच्या बाहीला कायम दोऱ्याचा एखादा तुकडा चिकटलेला असे. तिचा नवरा कामावरून येताना नाल्यावरच्या पुलावरून खाली पडला आणि गेला. पुलाचा कठडा तुटलेला होता. त्या कठड्याची तक्रार आठ महिने आधी त्यानंच या कार्यालयात दिली होती, पण घरात कुणाचा विश्वास नव्हता. दीर तर चारचौघांत म्हणायचा, घेतली असेल थोडी, गेला असेल तोल. मुलगी आता हे ऐकण्याच्या वयाची झाली होती. म्हणून बाईला कागद हवा होता.

कारकूनबाईंनी उसासा टाकला आणि कोरा कागद पुढे केला.

"लिहा. तक्रारीच्या फाईलची पूर्ण नक्कल. आणि ती फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती, त्या नोंदवहीच्या पानाचीही."

"असं मागता येतं?"

"येतं."

"मग दोन्ही वेळा परत पाठवलंत, तेव्हा नाही सांगितलंत ते?"

कारकूनबाईंनी पोचपावतीवर शिक्का मारला. सांगू नका असं कुणी बजावलं नव्हतं. सांगा असंही कुणी म्हटलं नव्हतं. इतकंच.

आठवड्यानं शिपायानं तळघरातून फाईल शोधून आणली. "घ्या, राणीसाहेब गाढ झोपल्या होत्या," म्हणत त्यानं धूळ झटकली.

कारकूनबाईंनी झेरॉक्सच्या यंत्राजवळ उभ्यानंच पानं उलटली. पहिलं टेबल, सहा दिवस. दुसरं, नऊ दिवस. तिसरं, एकशे चार; मग थेट तळघर. एकशे चारच्या पुढे सही होती. सही कसली, एक वेटोळं आणि शेपटी. एकतीस वर्षं ते वेटोळं त्यांचा हात न बघता काढत आला होता. ही नोंद त्या दुरुस्ती विभागात होत्या, तेव्हाची.

तक्रारीवर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती. 'जागेचा नकाशा जोडलेला नाही. नकाशा येईपर्यंत प्रलंबित.'

त्यांनी तक्रारीचं शेवटचं पान उलटलं. नकाशा होता. कापड बेतायच्या खाकी कागदावर पेन्सिलीनं काढलेला, चार घड्या घालून मागे चिकटवलेला. नाला, पूल, आणि कठडा तुटला होता तिथे फुली. त्यांनी घडीच उघडली नव्हती.

तेव्हा काय चाललं होतं बरं आपलं? त्या आठवत राहिल्या. लेकीचं बाळंतपण आदल्या वर्षी होऊन गेलं होतं. सासूबाईंनी अंथरूण धरलं ते नंतर. त्या एकशे चार दिवसांत काहीच झालं नव्हतं. रोज डबा खाल्ला होता.

साहेबांनी जाता जाता पानावर नजर टाकली. "द्या की मग. नियमात बसतंय. सह्या कुणाच्या बापाला वाचता येणार आहेत?"

नक्कल घ्यायला शिवणकाम करणारी बाई आली, तेव्हा दुपार कलली होती. खिडकीच्या कट्ट्यावरच तिनं पानं पसरली. खाकी कागदाच्या नकलेपाशी तिचं बोट थांबलं. फुलीवर तिनं अंगठा ठेवला. मग नोंदवहीच्या पानाकडे वळली.

"एकशे चार," ती हळूच म्हणाली. "ही सही लागत नाहीये, ताई. नाव हवं तर पुन्हा अर्ज?"

"पुन्हा अर्ज. पुन्हा तीस दिवस," शिपाई मागून म्हणाला.

कारकूनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नको अर्ज," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे. नकाशा जोडलेला होता. मी बघितलाच नाही."

शिपायाचं स्टूल करकरलं. बाईनं वर पाहिलं. ती ओरडेल म्हणून कारकूनबाई कट्ट्याची कड धरून उभ्या होत्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाईनं पानं गोळा केली, कडा जुळवल्या, आणि वरचं पान उलटं करून खिडकीतून आत सरकवलं. कोरी बाजू वर.

"आत्ता बोललात ते इथे लिहा," ती म्हणाली. "आणि सही वाचता येईल अशी करा. दिराला दाखवायचीय."