एक धार गमावलेला खंजीर

मी एक जुना खंजीर आहे. दचकू नका मित्रांनो, या क्षणी माझ्या अंगाला फक्त कांद्याचा वास येतोय.

माझा जन्म सैन्याच्या कारखान्यात झाला. दोन्ही बाजूंना धार, निमुळतं टोक आणि हात पात्यावर घसरू नये म्हणून मुठीपाशी आडवी पट्टी. पात्याच्या मधोमध एक लांब खाच. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते, असं आजोबा पाहुण्यांना सांगतात. खरं तर ती वजन कमी करण्यासाठी आहे. पण घरच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू नये.

आजोबा तेव्हा शिपाई होते. युद्धभर मी त्यांच्या कमरेला होतो. मी पाव कापले, दोर तोडले, डबे उघडले. कुणाच्या पाठीत एकदाही शिरलो नाही. तरी दगाबाजीची गोष्ट निघाली की लोक माझंच नाव घेतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

युद्ध संपलं, आजोबा घरी आले आणि मी आजींच्या तावडीत सापडलो. कांदा चिरताना माझी आडवी पट्टी फळीवर आपटायची, म्हणून आजींनी ती लोहाराकडून कापून घेतली. मग म्हणाल्या, "दोन्हीकडून धार असली तर मी बोट कुठे ठेवायचं?" आणि पायरीच्या दगडावर घासघासून त्यांनी माझी एक धार पार मारून टाकली. त्या दिवशी मला रडू आलं. आजीही रडत होत्या, पण त्या कांद्यामुळे.

परवा संग्रहालयातले साहेब घरी आले. मी काचेच्या पेटीत बसावं आणि खाली आपलं नाव यावं, अशी आजोबांची फार इच्छा होती. खोटं कशाला बोलू, मलाही हुरूप आला होता.

साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "याची एक धार गेली हो. आम्हाला नाही चालणार. आमच्याकडे दुसऱ्या एका शिपायाचा अगदी असाच आहे, दोन्ही धारा शाबूत."

आजोबांचा चेहरा पडला. आजींकडे रागाने बघत ते म्हणाले, "त्याच्या बायकोने बरा जपला."

"तो शिपाई परत आलाच नाही," साहेब म्हणाले. "नुसती त्याच्या सामानाची पेटी घरी आली. ती पेटी तिने कधी उघडलीच नाही."

मग आजोबांनी मला उचललं, बोथट बाजूवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कांदे किती चिरायचे?"

"चार," आजी म्हणाल्या. "आणि बारीक."

मित्रांनो, काम झालं की मला धुवा, पुसून कोरडं करा आणि अधूनमधून धार लावा. फक्त एकाच बाजूला. दुसरी आहे तशीच राहू द्या.